जन्म कुवेतचा, वडिलांचे कागद गहाळ: पुण्यातून पहिला पासपोर्ट काढताना

जन्म कुवेत, मस्कत किंवा नैरोबीचा, शाळा पुण्यातली आणि वयाची चाळिशी आली तरी स्वतःचा पासपोर्ट नाही, अशी माणसं पुण्यात वाटतात त्याहून बरीच आहेत. पूर्वी लहान मुलांची नावं आईच्या किंवा वडिलांच्या पासपोर्टवरच चढवत. त्यावर एकदा मायदेशी परत आलं की मुलांना पुढे पासपोर्टची गरज पडायची नाही. मग मुलीची परदेशातली ॲडमिशन निघते किंवा नवऱ्याची बदली होते, आणि कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत हात घातल्यावर कळतं की अर्धे कागद तिकडेच राहिलेत.

माझा जन्म १९८४ चा, कुवेतचा. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा आत शिरल्या तेव्हा वडिलांचा पासपोर्ट तिथल्या रिवाजाप्रमाणे कंपनीकडे जमा होता. आई आम्हा भावंडांना घेऊन तिच्या पासपोर्टवर अम्मानमार्गे मुंबईला उतरली. वडील मागाहून दूतावासाने दिलेल्या इमर्जन्सी सर्टिफिकेटवर, म्हणजे पासपोर्टऐवजी एका प्रवासापुरत्या मिळणाऱ्या कागदावर आले. त्यांनी पुन्हा पासपोर्ट काढला नाही आणि आता ते हयात नाहीत. माझी फाईल अशी लंगडी होती, तरी पासपोर्ट मिळाला. तेव्हा तुमचीही फाईल मार्गी लागण्यासारखी असू शकते.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. अधिकाऱ्याला कागदांचा गठ्ठा नको असतो. त्याला तीन प्रश्नांची उत्तरं हवी असतात: तुम्ही कुठे आणि कधी जन्मलात? त्या दिवशी तुमचे वडील किंवा आई भारतीय नागरिक होते का? आणि त्या दाखल्यावरचं बाळ म्हणजे आज समोर बसलेली व्यक्तीच, हे कशावरून? पुढची प्रत्येक पायरी यातल्या एका तरी प्रश्नासाठी आहे. ज्या कागदाने तिन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही, तो घरीच राहू द्या.

१. आधी तारीख बघा, मग कागद शोधा

बहुतेक जण कागद शोधण्यापासून सुरुवात करतात आणि नको ते कागद मिळवण्यात महिने घालवतात. नागरिकत्व कायदा १९५५ चा आहे, पण त्यात वेळोवेळी बदल झाले. त्यामुळे तुमचा जन्म कोणत्या काळातला, यावर कोणाचे कागद लागणार हे ठरतं. परदेशात जन्मलेल्यांसाठी कायद्याचं कलम ४ लागू होतं, म्हणजे वंशाने मिळालेलं नागरिकत्व.

जन्म २६ जानेवारी १९५० नंतरचा पण १० डिसेंबर १९९२ च्या आधीचा असेल, तर फक्त वडिलांचं नागरिकत्व बघितलं जातं. हे वाचून मी आधी चिडले होते. माझ्या आईचा पासपोर्ट, तिचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, आणि त्यातल्या एकाही कागदाने दुसऱ्या प्रश्नाचं थेट उत्तर मिळत नव्हतं. आईचे कागद तरी टाकून देऊ नका, ते पुढे साखळी जोडायला लागतात. पण मुख्य भार वडिलांच्या कागदांवर असतो.

जन्म १० डिसेंबर १९९२ किंवा त्यानंतरचा असेल, तर आई किंवा वडील यांपैकी एक जण भारतीय नागरिक असला तरी पुरतं.

जन्म ३ डिसेंबर २००४ किंवा त्यानंतरचा असेल, तर प्रकरण पूर्ण वेगळं आहे. त्या मुलाचा जन्म तिथल्या भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत नोंदवलेला असावा लागतो, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटून गेलं असेल तर केंद्र सरकारची परवानगी लागते. अशा मुलाचे पालक असाल तर पुढच्या पायऱ्या वाचण्याआधी ज्या देशात जन्म झाला तिथल्या भारतीय दूतावासाच्या कॉन्सुलर विभागाला ईमेल करा. ती नोंद झाल्याशिवाय पुण्यात अर्ज भरून काही निष्पन्न होणार नाही.

इथे एक गल्लत फार होते. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम २० मध्ये सोय आहे, की परदेशात जन्मलेल्या मुलाला घेऊन आईवडील कायमचे भारतात परतले, तर मूल आल्यापासून ६० दिवसांत इथे जन्माची नोंद करता येते, आणि त्यानंतर उशिराच्या नोंदणीची पद्धत लागू होते. ही सोय खरी आहे आणि उपयोगाचीही आहे. पण ती फक्त जन्माची नोंद. २००४ नंतरच्या मुलाचं नागरिकत्व त्याने सिद्ध होत नाही. महापालिकेचा दाखला हातात आला म्हणून निर्धास्त झालेले पालक पासपोर्ट केंद्रात अडकतात ते याचमुळे.

तुमचे वडील स्वतःसुद्धा परदेशात जन्मलेले आणि वंशानेच नागरिक असतील, उदाहरणार्थ आजोबा पूर्व आफ्रिकेत गेलेले, तर तुमचा जन्म दूतावासात नोंदला होता का, हा प्रश्न २००४ च्या आधीच्या जन्मालाही येतो. अशा वेळी आधी वकिलाला दाखवा.

२. घरात काय आहे ते एका कागदावर मांडा

घरातले सगळे कागद जमिनीवर पसरा आणि एका वहीत रकाने आखा: कागदाचं नाव, त्यावर तुमचं नाव कसं लिहिलंय, वडिलांचं नाव कसं, जन्मतारीख, जन्मस्थळ. एक दुपार जाईल. पण पुढे कोणता कागद कोणत्या कागदाशी भांडतो हे याच तक्त्यात दिसतं.

शोधायचे ते असे:
- परदेशातला जन्मदाखला, मूळ किंवा निदान झेरॉक्स
- ज्या पासपोर्टवर तुमचं नाव चढवलं होतं तो आईचा किंवा वडिलांचा जुना पासपोर्ट, भारतात उतरल्याच्या शिक्क्यासकट
- दूतावासात जन्म नोंदवला असेल तर त्याची पावती किंवा दाखला
- वडिलांचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीचे किंवा पेन्शनचे कागद, मतदार ओळखपत्र
- वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला
- तुमचा शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, पॅन, आधार
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद

जुन्या पासपोर्टची मागची पानं फाटलेली असली, मुखपृष्ठावर 'रद्द' असा शिक्का असला, तरी तो सोन्याच्या मोलाचा आहे. माझ्या बाबतीत पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आईच्या रद्द पासपोर्टवरच्या एका ओळीत होतं: मुलीचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ कुवेत.

आधारवर भिस्त ठेवू नका. ओळख आणि पत्ता यांसाठी ते उत्तम आहे, पण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधारच्या कायद्यातच लिहिलेलं आहे.

३. तिकडचा जन्मदाखला मागवा

मूळ दाखला असेल तर त्यावर कोणाचे शिक्के आहेत ते बघा. नुसता दाखला पुरेलच असं नाही. तो खरा असल्याची साक्ष देणारा शिक्का लागतो. हा शिक्का दोन प्रकारचा असतो.

जन्माचा देश ॲपोस्टिल करारात, म्हणजे एकमेकांचे सरकारी कागद एकाच शिक्क्यावर खरे मानण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात असेल तर त्या देशाच्या सरकारचा एकच ॲपोस्टिल शिक्का पुरतो. भारत या करारात २००५ मध्ये आला. आखातात ओमान २०१२ मध्ये, बहारीन २०१३ मध्ये आणि सौदी अरेबिया २०२२ मध्ये आला. कुवेत, संयुक्त अरब अमिरात आणि कतार मात्र त्यात नाहीत. तिथल्या दाखल्यावर आधी त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग तिथल्या भारतीय दूतावासाचा, असे दोन शिक्के लागतात. क्रम चुकला तर दूतावास हात लावत नाही.

परदेशी दाखल्यावरचं हे काम भारतात बसून होत नाही. 'इथूनच ॲपोस्टिल करून देतो' असं सांगणारे भेटतील. भारताचं परराष्ट्र मंत्रालय भारतात तयार झालेल्या कागदांना ॲपोस्टिल देतं; कुवेतच्या जन्मदाखल्याला नाही.

दाखला हरवला असेल तर तिकडच्या कोणाला तरी मुखत्यारपत्र द्यावं लागतं. चुलतभाऊ, वडिलांचा जुना सहकारी, गावाकडचं कोणीतरी. आखातात ओळखीचा माणूस नाही असं मराठी घर मी तरी पाहिलेलं नाही. कुवेतसाठी हे मुखत्यारपत्र नोटरी, मग मुंबईत मंत्रालयातला गृह विभाग, मग परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी कुवेतचा दूतावास असा प्रवास करतं. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीकडेच द्यावे लागतात. तुमच्या माणसाला हॉस्पिटलचं नाव, जन्मतारीख, आईवडिलांची पासपोर्टवरची नावं आणि असल्यास वडिलांच्या तिकडच्या सिव्हिल आयडीचा (सरकारी ओळखपत्राचा) नंबर लिहून पाठवा. नोंद सापडलीच नाही, तर 'नोंद आढळत नाही' असं लेखी मागायला सांगा. रिकाम्या हाताने परत येण्यापेक्षा ते पत्र बरं, कारण तुम्ही प्रयत्न केला हे त्यातून दिसतं.

दाखला अरबीत असेल तर इंग्रजी भाषांतर प्रमाणित भाषांतरकाराकडून, त्याच्या सही-शिक्क्यानिशी घ्या आणि पाठीमागच्या शिक्क्यांचंही भाषांतर मागा. मग घरी बसून तारीख स्वतः पडताळा. अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. जुन्या, हाताने लिहिलेल्या दाखल्यावर १५ तारखेची १० होणं अजिबात अवघड नाही, आणि एकदा भाषांतरात चुकीची तारीख आली की ती सगळ्या कागदांशी भांडत बसते. आडनावाकडेही बघा. तिकडच्या दाखल्यावर पुष्कळदा मुलाचं नाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव एवढंच असतं, आडनाव नसतंच. भाषांतरकाराला आडनाव घालायला सांगू नका. जे आहे तेच उतरू द्या. त्याचा बंदोबस्त पाचव्या पायरीत करू.

४. वडिलांचं नागरिकत्व: कोतवाल बुकापर्यंत जा

वडिलांचा पासपोर्ट सापडला तर ही पायरी दहा मिनिटांत वाचून सोडून द्या. नसेल तर खरी मेहनत इथे आहे, आणि मार्गही इथेच आहे.

वडील भारतात २६ जानेवारी १९५० नंतर पण १ जुलै १९८७ च्या आधी जन्मले असतील, तर ते जन्मानेच भारतीय नागरिक ठरतात. त्यांच्या आईवडिलांचे कागद कोणी मागत नाही. म्हणजे वडिलांचा पासपोर्ट हरवला तरी त्यांचा भारतातला जन्म सिद्ध झाला की निम्मी लढाई जिंकली. उरलेली निम्मी म्हणजे तुमच्या जन्मापर्यंत त्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं नव्हतं, हे दाखवणं. आखातात कामगाराला नागरिकत्व मिळणं जवळपास अशक्यच, त्यामुळे तिथून आलेल्यांना हे सोपं जातं. इंग्लंड-अमेरिकेतल्या कुटुंबांनी मात्र या मुद्द्यावर कागद तयार ठेवावेत.

माझ्या वडिलांचा जन्म १९५२ चा, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. ग्रामपंचायतीत नोंद मिळाली नाही. मिळाली ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, गाव नमुना १४ मध्ये, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. पूर्वी गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद त्यात व्हायची. कोर्ट फी स्टॅम्प लावलेला साधा अर्ज द्यायचा: गाव, तालुका, अंदाजे वर्ष, आजोबांचं पूर्ण नाव. अंदाजे वर्षाच्या मागचं आणि पुढचं अशी निदान दोन-दोन वर्षं तपासायला सांगा, कारण शाळेत घालताना मास्तरांनी जून महिन्यातली सोयीची तारीख टाकलेली असण्याची शक्यता दांडगी. आमच्या आजोबांच्या चार मुलांचे वाढदिवस शाळेच्या दाखल्याप्रमाणे एक जूनला येतात.

कोतवाल बुकात एक अडचण ठरलेली: बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. 'मुलगा' एवढंच, आणि बापाचं नाव. म्हणून ही नक्कल एकटी अपुरी पडते. तिच्या जोडीला वडिलांच्या प्राथमिक शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत जुनी रजिस्टरं असतात. मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि सही-शिक्क्याचा उतारा मागा. दोन्हींत आजोबांचं नाव आणि गाव सारखं आलं की अधिकाऱ्याला पुढे फारसं विचारायला उरत नाही.

याशिवाय उपयोगी पडणारे कागद म्हणजे आईच्या पासपोर्टवर पती म्हणून लिहिलेलं वडिलांचं नाव, कुवेतच्या जन्मदाखल्यावर 'वडिलांचं राष्ट्रीयत्व: भारतीय' अशी नोंद, परतल्यानंतरचं त्यांचं मतदार ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला. तहसीलदारांकडून मिळणारं वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र तुमच्या नावाने असेल तर जोडा; नसेल तर केवळ यासाठी त्याच्या मागे लागू नका, कारण ते देतानाही हेच सगळे कागद मागतात.

इमर्जन्सी सर्टिफिकेट शोधत बसू नका. ते एका प्रवासापुरतं असतं आणि सहसा उतरल्यावर विमानतळावरच जमा होतं.

५. नावांचा आणि जन्मस्थळाचा मेळ घाला

कागद कमी असलेली फाईल चालते, पण एकमेकांना खोडणारे कागद असलेली फाईल थांबते. आता त्या वहीतला तक्ता काढा.

नावातले किरकोळ फरक, म्हणजे वडील एका ठिकाणी दत्तू, दुसरीकडे दत्तात्रय, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे शेवटी 'वाय-ए' तर कुठे नुसता 'ए', हे 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' अशा नोटरी केलेल्या प्रतिज्ञापत्राने सुटतात. वडील नसतील तर आई किंवा काका ते करू शकतात. त्यात प्रत्येक कागदाचं नाव आणि त्यावरचं रूप स्पष्ट लिहा. मोघम लिहिलेलं प्रतिज्ञापत्र काउंटरवर बाजूला पडतं. जन्मदाखल्यावर आडनाव नसेल तर तेही यातच येऊ द्या. तुमचं स्वतःचं नावच मुळात बदललेलं असेल, 'बेबी'ची 'माधुरी' झाली असेल, तर आधी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नोंद करून घ्या.

आता सगळ्यात घातक सापळा. तुमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ काय आहे? परत आलेल्या कितीतरी मुलांच्या दाखल्यावर 'पुणे' किंवा गावाचं नाव आहे, कारण प्रवेश घ्यायला आजोबा गेले आणि त्यांनी कौतुकाने आपलंच गाव सांगितलं. माझ्या दाखल्यावर 'सातारा' आहे. हे पाहिलं की कोणीतरी हमखास सुचवतं: जन्म पुण्याचाच दाखवून टाका, कुवेतची भानगडच नको. असं करू नका. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १२ प्रमाणे पासपोर्टसाठी खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे; दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय आईच्या जुन्या पासपोर्टवर कुवेत लिहिलेलं आहे, ते उद्या कोणीही काढू शकतं.

सरळ मार्ग असा: जन्मतारीख आणि जन्मस्थळ दोन्हींसाठी परदेशातला जन्मदाखला द्या. १ ऑक्टोबर २०२३ च्या आधी जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी पॅन, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र असे इतर कागदही चालतात, आणि त्यांच्यावर जन्मस्थळ नसतं. शाळेच्या दाखल्याबद्दल विचारलं तर लपवू नका, तिथे नोंद चुकीची आहे असं सांगा आणि प्रतिज्ञापत्रात तो मुद्दा घाला. शाळेच्या रजिस्टरमध्ये दुरुस्ती करायची झाली तर शाळा सोडल्यानंतर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. वेळ असेल तर ते काम सुरू करा, पण पासपोर्ट त्याच्यावर अडवून ठेवू नका.

६. फॉर्म भरताना

अर्ज फक्त 'पासपोर्ट इंडिया डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी साइटवर किंवा एमपासपोर्ट सेवा ॲपवर करा. नावात साम्य असलेल्या खासगी साइट्स जादा पैसे उकळतात. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये. तत्काळला वर २,००० रुपये लागतात. आपल्यासारख्या फाईलला त्याचा फायदा नाही, नागरिकत्वाचा प्रश्न तपासायचा असेल तर ते तपासणारच.

आपल्यासारख्यांनी जपायच्या जागा:

'जन्म भारताबाहेर झाला आहे का' याला 'होय', आणि देश निवडा.

'नागरिकत्व कशाने' या रकान्यात जन्म, वंश, नोंदणी असे पर्याय येतात. इथे 'वंश' म्हणजे 'डिसेंट' निवडा. 'आपण जन्मापासूनचे भारतीय' म्हणून भलेभले 'बर्थ' निवडतात, आणि अर्ज भारतात जन्मलेल्या माणसाचा असल्यासारखा पुढे जातो.

इमर्जन्सी सर्टिफिकेटवर परत आलात का, असा प्रश्न आहे. तो तुमच्याबद्दल आहे, वडिलांबद्दल नाही. आईच्या पासपोर्टवर आलेल्यांनी 'नाही'. स्वतःच्या नावाच्या सर्टिफिकेटवर आलेल्यांनी 'होय', आणि तपशील.

आईवडिलांपैकी एकाचं नाव दिलं तरी अर्ज पुढे जातो. डिसेंबर २०१६ पासून तशी सवलत आहे. पण तुमचं नागरिकत्व वडिलांकडून येत असेल तर त्यांचं नाव वगळून काय साधणार? द्याच.

पत्ता जिथे खरोखर राहता तोच द्या. भाड्याच्या घरात असाल तर भाडेकरार नोंदणीकृत हवा. पुण्यात पुष्कळ जण नोटरी केलेला करार घेऊन जातात, तो चालत नाही.

दहावी पास असल्याची गुणपत्रिका जोडली की ईसीआर शिक्क्यातून, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना आधी सरकारी परवानगी लागते अशा शेऱ्यातून, सुटका होते.

७. मुंढव्याला जायचं की बाणेरला?

पुण्यात दोन जागा आहेत आणि लोक हटकून चुकीच्या ठिकाणी पोचतात. अपॉइंटमेंट असते ती मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात. बाणेर-पाषाण लिंक रोडवरचं पासपोर्ट भवन हे प्रादेशिक कार्यालय आहे. तिथे पहिल्या अर्जाला जायचं नसतं, फाईल अडकली तर जायचं असतं. पावतीवरचा पत्ता वाचून निघा. कोथरूड-सिंहगड रस्त्याकडून येणाऱ्यांनी मगरपट्टा-मुंढवा भागातल्या वाहतुकीचा हिशोब धरून भरपूर आधी निघावं.

आत तीन काउंटर: ए, बी आणि सी. 'ए'ला कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. 'बी'ला सरकारी अधिकारी कागद तपासतात. 'सी'ला निर्णय होतो. ओरिजिनल आणि स्वतः सही केलेल्या झेरॉक्स, दोन्ही न्या. सोबतच्या माणसाला सहसा आत सोडत नाहीत, त्यामुळे आईला बरोबर नेऊन उपयोग नाही. तिचा मूळ जुना पासपोर्ट न्या.

'ए' काउंटरवरची मुलं रोजच्या ठरलेल्या फाईल बघतात. परदेशी जन्म आणि वडिलांचा पासपोर्ट नाही म्हटल्यावर 'हे नाही चालणार' असं ऐकायला मिळू शकतं. वाद घालू नका. शांतपणे सांगा: कलम ४ प्रमाणे वंशाने नागरिकत्व आहे, वडिलांच्या भारतातल्या जन्माचे कागद आहेत, 'बी'ला दाखवायचे आहेत. मी एका पानावर तीन प्रश्न आणि त्यांच्यासमोर जोडलेल्या कागदांची नावं असं टाईप करून फाईलच्या वर लावलं होतं. 'बी'च्या बाईंनी तेवढंच पान वाचलं आणि क्रमाने एकेक कागद मागितला. हे पान जरूर करा.

सगळे कागद झाले नसतील तर तारीख पुढे ढकला. वर्षात तीनदा अपॉइंटमेंट बदलता येते आणि भरलेलं शुल्क एक वर्ष चालतं. अर्धवट फाईल घेऊन 'बघू काय म्हणतात' म्हणत जाण्यापेक्षा हे परवडलं.

८. पोलीस पडताळणी

तुमचा पत्ता पुणे शहर, पिंपरी-चिंचवड की पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत, त्यावर फाईल कुठे जाते ते ठरतं. फोन येईल, तो अनोळखी नंबर उचला. पत्त्याचे पुरावे आणि ओळखणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावं तयार ठेवा. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, की विचारलं तर जन्म कुवेतचा असं सांगा. 'पुण्याचीच आहे हो ती' असं प्रेमाने ठोकून दिलं तर नसता घोळ. या पडताळणीला शुल्क नसतं.

९. फाईल 'होल्ड'वर गेली तर

आपल्यासारख्यांच्या फाईल बऱ्याचदा होल्डवर जातात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. साइटवर स्थिती बघा आणि नेमका कोणता कागद मागितला आहे ते शोधा. मग बाणेरच्या पासपोर्ट भवनात चौकशीची अपॉइंटमेंट घेऊन जा. तोंडी सांगितलेलं वहीत उतरवा आणि जे द्याल त्याची पोच घ्या. पत्र आलं तर उत्तर मुदतीत आणि लेखी द्या. कागद मिळवायला वेळ लागणार असेल तर तेवढंही लेखी कळवा. काहीच न बोलता बसलात तर फाईल बंद होण्याचा धोका असतो.

टोलफ्री नंबर १८००-२५८-१८०० हा स्थिती विचारण्यापुरता ठीक आहे. नागरिकत्वाच्या खाचाखोचा तिथे सुटत नाहीत.

पासपोर्ट नाकारला गेला तर कारणं लेखी मागा. ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. पासपोर्ट कायद्याच्या कलम ११ खाली अपील करता येतं आणि त्यासाठी मुदत ३० दिवसांची आहे. इथपर्यंत वेळ आली तर मात्र स्वतः मसुदा लिहीत बसू नका, वकील घ्या.

पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी येतो आणि अर्जदाराच्या हातातच दिला जातो, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा. पाकीट उघडल्यावर पहिल्या पानावरचं जन्मस्थळ आणि शेवटच्या पानावरचं वडिलांच्या नावाचं स्पेलिंग पोस्टमन जिना उतरायच्या आत तपासा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात दुरुस्तीच्या मागे लागा, व्हिसाचा अर्ज भरण्याच्या आधी.